थायरॉईडची गोळी आणि गावभरचे सल्ले

“एकदा लागली की सुटंना बघा ती गोळी. म्हणून मी घेतच नाही.”

उमरी, मुदखेड, धर्माबाद या पट्ट्यात थायरॉईड मंदावलेल्या बायकांकडून हे वाक्य सतत ऐकायला मिळतं. रेल्वेने नांदेडला जायचं, डॉक्टर लेनमध्ये रक्त द्यायचं, महिना-दोन महिने गोळ्या घ्यायच्या आणि जरा हुशारी वाटली की बाटली फडताळात ठेवून द्यायची. पुढे चेहरा सुजतो, आवाज घोगरा होतो, पोट साफ होत नाही, उन्हाळ्यातही अंगावर पांघरूण लागतं. मग पुन्हा नांदेड, पुन्हा पहिल्यापासून. या धरसोडीने जितकं नुकसान होतं, तितकं नीट मोजून दिलेल्या गोळीने होत नाही.

सवय लागण्याची भीती आधी काढून टाकू. या गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं. गळ्यातली ग्रंथी जो टी-फोर हार्मोन स्वतः बनवते, त्याचीच ही हुबेहूब प्रत. ग्रंथी पुरेसा हार्मोन बनवत नाही म्हणून कमी पडलेला भाग बाहेरून द्यायचा, एवढंच गोळीचं काम. गोळी बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण मूळची उणीव तिथेच असते. ती गोळीने तयार केलेली नसते.

या उपचाराचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. 1891 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क 46 वर्षांच्या एका बाईला टोचला. सुजलेली, मंदावलेली ती बाई काही महिन्यांत उभी राहिली. पुढे तोच अर्क ती तोंडाने घेत राहिली आणि आणखी 28 वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. 1914 मध्ये अमेरिकेत केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं, 1927 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करता आलं. आज शंभर-सव्वाशे गोळ्यांच्या एका बाटलीत तीन-चार महिन्यांची सोय होते.

दुसरा घोळ रिपोर्टचा. टीएसएचच्या पुढे 18 आकडा, शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’. घरातला शिकलेला पोरगा वाचतो आणि सांगतो, “आई, तुझा थायरॉईड वाढलाय, गोळी कमी कर.” खरं तर नेमकं उलट झालेलं असतं. टीएसएच थायरॉईडमधून येत नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. मजूर मंदावले की मुकादमाचा आवाज चढतो, तसा थायरॉईड सुस्तावला की टीएसएच चढतो. म्हणजे आकडा मोठा, तर हार्मोन कमी. गोळी घेत असताना तो चढला, तर डोस अपुरा पडतोय किंवा गोळी अंगी लागत नाहीये. तो फार खाली गेला, तर डोस जास्त होतोय. डोस बदलल्यावर आठ दिवसांत पुन्हा रक्त तपासून काही कळत नाही. टी-फोर शरीरातून निम्मा व्हायलाच साधारण आठवडा लागतो, म्हणून तपासणी 6 ते 8 आठवड्यांनी करायची. टीएसएचसाठी उपाशीपोटी जाण्याचीही गरज नसते.

“हाडं ठिसूळ होतात, छाती धडधडते” असंही म्हणतात. डोस गरजेपेक्षा जास्त राहिला तर हे होऊ शकतं, विशेषतः उतारवयात. नियमित तपासणी त्याचसाठी. योग्य डोसला हा आरोप लागू पडत नाही.

गोळी अंगी लागत नाही याचं कारण बहुतेक घरांत चहा असतो. ही गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या, शेताला निघणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड. खुरपणीच्या, सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर तासभर थांबणार कोण? अशा बाईला “वेळ पाळत जा” म्हणून हात झटकणं मला पटत नाही. तिच्यासाठी दुसरी वाट आहे: रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, निजताना गोळी घ्यायची. 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात झोपताना गोळी घेणाऱ्यांच्या रक्तातली हार्मोनची पातळी सकाळी घेणाऱ्यांपेक्षा चांगली आढळली होती. डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी आणि मग रोज तीच ठेवावी.

ही गोळी आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यात मात्र चार तासांचं अंतर हवंच. गरोदर बायांना आरोग्य केंद्रातून या दोन्ही गोळ्या मिळतात आणि लक्षात राहावं म्हणून त्या सगळ्या एकदमच घेतात. तिथे थायरॉईडची गोळी पोटातच अडकते, रक्तात उतरत नाही.

चतुर्थीला, नवरात्रात “उपास मोडेल” म्हणून गोळी चुकवणाऱ्या बायका आहेत. घोटभर पाण्यासोबत औषध घेतल्याने उपास मोडत नाही, असंच घरची वडीलधारी माणसंही सांगतील. रमजानमध्ये सहरीच्या जेवणाआधी अर्धा-एक तास किंवा रात्री निजताना गोळी बसवता येते. एखादा दिवस चुकलाच तर घाबरू नये, आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावी.

अजून एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ही गोळी उष्णता, उजेड आणि ओल यांनी बिघडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो, पत्र्याच्या घरात त्याहून वर. बाटली चुलीजवळच्या फळीवर किंवा खिडकीत नको. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कोपऱ्यात, झाकण घट्ट लावून ठेवावी. गोळ्या काढून कागदाच्या पुडीत बांधू नयेत. कंपनी वारंवार बदलू नये, बदललीच तर 6-8 आठवड्यांनी टीएसएच पाहावा.

खाण्यापिण्याबद्दल तर प्रत्येक ओसरीवर वेगळा सल्ला. लातूर-नांदेड हा सोयाबीनचा मुलूख, म्हणून “सोयाबीन बंद” ही ताकीद इथे फार चालते. सोयाबीनच्या वड्या, पीठ, दूध यांतल्या घटकांनी गोळीचं शोषण घटू शकतं. म्हणून ते गोळीच्या वेळेपासून लांब खावं, तेवढं पुरे. सोयाबीन पिकवण्याने काही होत नाही आणि त्याच्या तेलात भाजी केली तरी चालते. कोबी-फ्लॉवर शिजवून, रोजच्या प्रमाणात खाल्ले तर बाधत नाहीत. ज्वारीची भाकरी सोडायचं तर काहीच कारण नाही.

मिठाचा मुद्दा मोठा आहे. कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं आणि 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आता आरोग्याच्या नावाखाली सैंधव आणि गुलाबी मीठ रोजच्या स्वयंपाकात शिरलंय. त्यात पुरेसं आयोडीन नसतं. उपासापुरतं ठीक, रोजच्या आमटीत साधं आयोडीनयुक्त मीठच हवं. पण याची दुसरी बाजूही आहे. आयोडीन मिळणाऱ्या माणसाचा थायरॉईड मंदावतो तो बहुतेक वेळा हाशिमोटो आजाराने. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते. 1912 मध्ये जपानच्या हाशिमोटो यांनी त्याचं वर्णन केलं. तिथे जादा मीठ किंवा आयोडीनचे थेंब घेऊन उपयोग नाही, उलट त्रास वाढू शकतो. मुंबई, हैदराबाद, गोव्यासह आठ ठिकाणच्या 5,360 प्रौढांच्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळपास 11 टक्के लोकांचा थायरॉईड मंद आढळला होता. मीठ पोचलेल्या शहरांतलं हे चित्र आहे.

आता आयुर्वेद, होमिओपॅथी, योग. चांगला वैद्य चालू गोळी बंद करायला सांगत नाही आणि अशा वैद्यांबद्दल मला आदर आहे. चीड येते ती “21 दिवसांत थायरॉईड मुळापासून” अशा जाहिरातींची. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत गलगंडाचं नाव आहे, म्हणजे तो बरा करण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा.

कांचनार गुग्गुळ शार्ङ्गधर संहितेत आहे, पण तिथे तो गंडमाळा, गाठी अशा सुजेच्या विकारांसाठी सांगितलाय. हार्मोनची उणीव भरून काढण्याचा दावा त्या ग्रंथाचा नाही, तो आजच्या विक्रेत्यांचा आहे. अश्वगंधेवर 2018 मध्ये 50 रुग्णांचा, आठ आठवड्यांचा एक अभ्यास झाला आणि टीएसएच सुधारलेला दिसला. पण ते रुग्ण अगदी सौम्य अवस्थेतले होते आणि एवढ्या छोट्या अभ्यासावर आयुष्यभराचं औषध सोडता येत नाही. शिवाय अश्वगंधेने हार्मोन प्रमाणाबाहेर वाढल्याचीही उदाहरणं नोंदली गेली आहेत. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. गरोदरपणात ती नकोच.

होमिओपॅथीच्या गोळ्यांनी थायरॉक्सिनची जागा भरून निघते, असा भरवशाचा पुरावा नाही. धन्याचं पाणी प्यायला हरकत नाही, फक्त गोळी त्याच्यासोबत घेऊ नका. सर्वांगासनाने गळ्यावर दाब येऊन ग्रंथी जागी होते, हेही खरं नाही. नष्ट झालेल्या पेशी दाबाने परत येत नाहीत. तरीही योगासनं करावीत. अंग मोकळं होतं, झोप लागते, मन थाऱ्यावर येतं आणि थकलेल्या बाईला याचीही गरज असते.

“नैसर्गिक” म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या थायरॉईड-पूरक गोळ्यांपासून सावध राहा. 2013 मध्ये अमेरिकेत अशी 10 उत्पादनं तपासली, तर 9 मध्ये प्रत्यक्ष थायरॉईडचा हार्मोनच सापडला, लेबलावर न लिहिलेला.

वजनाचं खापरही सगळं थायरॉईडवर फुटतं. आजाराने साधारण 2 ते 5 किलो वाढतात, त्यातला बराच भाग साठलेल्या पाण्याचा. बाकीच्यासाठी ताट आणि चालणं पाहावं लागतं.

आणि प्रत्येकाला गोळी जन्मभरच लागते, असंही नाही. बाळंतपणानंतर काहींचा थायरॉईड वर्षभरापुरता मंदावतो. टीएसएच किंचित वाढलेला, टी-फोर नॉर्मल, अशांपैकी काहींचा आकडा आपोआप खाली येतो. 65 वर्षांवरच्या अशा 737 जणांच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळीने त्यांच्या तक्रारींत फरक पडला नव्हता. त्यामुळे “मला खरंच लागते का?” हा प्रश्न रास्त आहे. तो डॉक्टरांना विचारावा, गोळी आपल्या मनाने बंद करून उत्तर शोधू नये.

एका वेळी मात्र दिरंगाई अजिबात चालत नाही. आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईला दिवस गेले की डोसची गरज बहुधा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त वाढते. पहिले काही महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं आणि त्याचा मेंदू त्याच काळात घडत असतो. “गरोदरपणात औषधं नकोत” म्हणून सासूबाईंनी ही गोळी थांबवली, तर त्याची झळ बाळाला बसते. पाळी चुकल्याचं लक्षात येताच, त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावं, गोळीची बाटली सोबत न्यावी आणि टीएसएच करून डोस ठरवून घ्यावा.