राणीच्या बागेच्या दारातलं म्युझियम

मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय कोणतं, असं विचारलं की बहुतेक लोक काळा घोड्याजवळच्या त्या मोठ्या घुमटाच्या संग्रहालयाचं नाव घेतात. ते लोकांसाठी खुलं झालं १९२२ साली. त्याच्या पन्नास वर्षं आधी भायखळ्याला, राणीच्या बागेच्या फाटकाशी, एक संग्रहालय उभं राहिलं होतं. आज त्याचं नाव डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. पोरांना बागेतले पेंग्विन दाखवायला निघालेली सगळी गर्दी त्याच्या पायऱ्यांवरून पुढे जाते. आत वळणारे थोडे.

इथे राजाचा खजिना नाही. पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनासाठी कंपनी सरकारने देशभरातून कारागिरीचे नमुने आणि कच्चा माल मागवला होता. हिंदुस्थानात काय पिकतं, काय बनतं आणि काय विकता येईल, हे युरोपला दाखवायचं होतं. मुंबई इलाख्यातून जमवलेल्या मालातले जादा नग मुंबईतच ठेवले गेले आणि त्यातून किल्ल्यातल्या टाउन बराकीत १८५७ साली म्युझियम सुरू झालं. मुहूर्त वाईट निघाला. त्याच वर्षी उत्तरेत बंड पेटलं, बराकी पलटणीला हव्या झाल्या आणि मांडलेला सगळा संसार टाउन हॉलमध्ये हलवावा लागला. त्या घाईत बरंच काही मोडलं, बरंच गहाळ झालं. उरलेलं वाचवायला धडपडले ते ग्रँट मेडिकल कॉलेजातले डॉ. जॉर्ज बर्डवुड.

पुढच्या वर्षी राज्य कंपनीकडून राणीकडे गेलं आणि त्या निमित्ताने व्हिक्टोरिया व अल्बर्ट यांच्या नावाने संग्रहालय बांधायची कल्पना निघाली. समितीचे अध्यक्ष जगन्नाथ शंकरशेट. सचिव बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी. पैसा उभा राहिला वर्गणीतून, म्हणजे मुंबईच्या शेटसावकारांच्या थैल्यांतून. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी पायाचा दगड बसवला. लंडनच्या जगप्रसिद्ध संग्रहालयाला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव मिळालं ते १८९९ मध्ये. त्या बाबतीत मुंबई पुढे होती, याचा अभिमान बाळगायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

तेव्हा शहरात पैसा वाहत होता. अमेरिकेत यादवी युद्ध, तिथला कापूस बंद, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस मिळेल त्या भावाने हवा! शेअरबाजाराला खूळ लागलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. पेढ्या बुडाल्या, वर्गणीदार दिवाळखोर झाले, इमारतीचं काम अडलं. त्याच वर्षी जुलैअखेर जगन्नाथ शंकरशेटही गेले. शेवटी सरकारने काम हाती घेऊन पुरं केलं आणि २ मे १८७२ रोजी दारं उघडली. त्या मंदीची झळ भाऊंनाही बसली होती.

भाऊ, म्हणजे रामकृष्ण विठ्ठल लाड, मूळचे गोव्यातल्या पेडणे महालातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. पण माणूस एका धंद्यात मावणारा नव्हता. अजिंठ्याचे शिलालेख वाचणं, जुनी नाणी आणि पोथ्या जमवणं, कडू कवठाच्या तेलाने कुष्ठरोगावर उपचार करून पाहणं, विष्णुदास भाव्यांच्या नाटकांना मुंबईत पाठबळ देणं, मुलींच्या शाळा, शिवाय मुंबईचं शेरीफपद. १९७५ साली संग्रहालयाला त्यांचं नाव दिलं गेलं. आपल्याकडचे अनेक नामबदल घाईचे असतात. हा मात्र हिशेब चुकता करणारा होता, कारण हे नाव मुळात पायातच होतं.

इमारत बाहेरून शांत आहे. इटलीतल्या पॅलाडिओच्या वळणाची, सरळ रेषांची, फारसा तोरा न मिरवणारी. आत पाऊल टाकलं की नजर वर जाते. ओतीव लोखंडाचे उंच कोरिंथियन खांब, त्यांनी पेललेला भोवतालचा सज्जा, लोखंडी नक्षीचे कठडे, फिकट हिरव्या भिंती आणि सोनेरी वर्ख. समोर मॅथ्यू नोबलने घडवलेला प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा, डेव्हिड ससून यांची भेट. मला विचाराल तर या संग्रहालयातली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे ही वास्तूच.

पण रेंगाळावं ते खालच्या कपाटांपाशी. बिदरी, कोफ्तगरी, हस्तिदंत, चंदनी पेट्या, कच्छी चांदी आणि जे.जे. कलाशाळेच्या कुंभारकामशाळेतली भांडी. या भांड्यांवर अजिंठ्याच्या भिंतींवरून उतरवलेल्या आकृती आहेत. हिंदी नक्षी विलायती पद्धतीच्या शाळेतून फिरून आली की तिचं काय होतं, ते इथे कळतं. मग मातीच्या लहान मूर्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जे.जे.चे मुख्याध्यापक सिसिल बर्न्स इथले क्युरेटर असताना, जातीजमातींचे पेहराव, पगड्या, धंदे आणि खेळ अशा मूर्तींतून दाखवले गेले. हेतू स्पष्ट आहे: राज्यकर्त्यांना प्रजा वर्गवार मांडून बघायची होती. माणसाला कपाटात नमुना म्हणून ठेवणं आज खटकतं आणि खटकायलाच हवं. तरी जवळ जाऊन पाहा. पदराची चुणी, पगडीचा पेच, ओझ्याने वाकलेली पाठ. घडवणाऱ्याला हुकूम जातीचा होता, त्याने घडवली ती माणसं. त्या कारागिरांची नावं मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत, क्युरेटरांची आली.

वरच्या मजल्यावर नकाशे, होड्यांच्या प्रतिकृती, पारशांच्या दोखम्याचा नमुना आणि जुन्या मुंबईचे देखावे आहेत. मुलांना तेच जास्त आवडतं.

बाहेरचं आवार विसरू नये. ज्या दगडी हत्तीवरून घारापुरीला फिरंग्यांनी एलिफंटा म्हटलं, तो इथेच आहे. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते जुळवून त्याला पुन्हा उभा केला. मागच्या बाजूला इंग्रजी पुतळ्यांची पांजरपोळच म्हणा ना! १९६५ मध्ये शहरातून हलवलेला सातव्या एडवर्डचा घोडेस्वार पुतळा, म्हणजे खरा काळा घोडा, इथे आहे. शिवाय खंडेराव गायकवाडांनी दिलेली व्हिक्टोरिया राणी. १८९६ साली फोर्टात असताना तिच्या तोंडाला डांबर फासलं गेलं, आणि दामोदर चाफेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात ते आपलंच काम असल्याचं सांगितलं. ते डाग रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी काढले. एका पुतळ्यात इतका इतिहास असताना तो मागच्या अंगणात असावा, हे मला मुळीच वावगं वाटत नाही.

संग्रहालयाची मधली काही दशकं हालाची गेली. २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इनटॅक यांच्यात करार झाला आणि वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला, २००८ च्या जानेवारीत दारं पुन्हा उघडली. तस्नीम झकारिया मेहता यांच्या पुढाकाराने जुन्या संग्रहाशेजारी आजचे चित्रकारही आले. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया यांची प्रदर्शनं इथे झाली. नव्या दालनासाठी २०१४ साली स्पर्धा होऊन स्टीव्हन हॉल या अमेरिकन वास्तुविशारदाचा आराखडा निवडला गेला; त्यावर वाद झाले आणि ते दालन काही उभं राहिलं नाही.

माझी तक्रार एकच. हे संग्रहालय लालबाग-परळच्या उंबरठ्यावर आहे, पण त्याची ऊठबस अजून दक्षिण मुंबईशीच जास्त. सुतार, सोनार, विणकर, कुंभार यांच्या हातचं काम जिथे मांडलंय, तिथे गिरणगावातल्या नातवंडांना मराठीतून आणि भरभरून सांगणारं कुणीतरी कायम असायला हवं. तोवर आपणच त्यांना घेऊन जावं. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा, पेंग्विनच्या आधी तासभर इथे काढा. फक्त बुधवारी जाऊ नका. त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.