अलवण : शास्त्र, रूढि आणि स्त्रीची इच्छा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. परंतु येथील जुन्या वाड्यांतील दप्तरांस ही सीमा ठाऊक नाहीं. मालगुजारी १९५१ सालीं संपल्यावर अनेक वाडे ओस पडले व त्यांतील पोथ्या माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन झाल्या. शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर असलीं दप्तरें पाहत हिंडण्याचा छंद मला लागला. अशाच एका ब्राह्मण मालगुजार घराण्याच्या वाड्यांत स्कंदपुराणांतर्गत काशीखंडाची एक पोथी मिळाली. तिच्या चौथ्या अध्यायाचीं दोनचार पत्रें बोटांच्या मळानें काळवंडलेलीं होतीं व समासांत तांबड्या शाईची खूण होती. त्याच गांठोड्यांत एका स्त्रीच्या हातची हिशेबाची वही होती. तींत तांदूळ, मीठ, तेल यांच्या नोंदींमध्यें, एका पानावर, अलवण सोडून पांढरें लुगडें नेसल्याची एका ओळीची नोंद व खालीं तिथि होती. पोथी मीं मागून घेतली. वही तेथेंच ठेविली. दुसऱ्या वर्षीं पुन्हां गेलों, तों वही रद्दींत गेली होती. ती तिथिदेखील मीं उतरून घेतली नव्हती.

हा लेख त्या चुकीचें अल्पसें प्रायश्चित्त आहे. खूण केलेलें तें पत्र त्या घरांतील विधवेस काय सांगत होतें, तसें सांगण्याचा त्यास अधिकार किती, आणि स्त्रियांनीं या बाबतींत स्वतः काय ठरविलें, या तीन प्रश्नांचा येथें क्रमानें विचार करावयाचा आहे.

(१) शास्त्रवचनांचें स्वरूप

काशीखंडाच्या चौथ्या अध्यायांतील आशय असा कीं, विधवेनें केसांची वेणी घातल्यास तें परलोकीं पतीस बंधन होतें. यास्तव तिनें शिरोमुंडन करावें. उत्तरकालीन निबंधकारांनीं केशवपनास आधार दाखवितांना मुख्यतः याच वचनावर भर दिला. व्यासस्मृतींतही ब्राह्मण विधवेनें अग्निप्रवेश न केल्यास केशत्याग करावा अशा अर्थाचें विधान आहे. परंतु मूळ स्मृतींकडे वळल्यास निराळें चित्र दिसतें. मनूनें पांचव्या अध्यायांत विधवेस फलमूलांवर राहण्याचा व ब्रह्मचर्याचा नियम सांगितला. केसांविषयीं तेथें एक अक्षर नाहीं. याज्ञवल्क्यही त्याविषयीं मौन धरितो. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत (१९४१) या सर्व वचनांची छाननी केली आहे. हा आचार प्राचीन नसून मध्ययुगांत हळूहळू रुळला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. श्रीवैष्णवांतील तेंगलै पंथाच्या विधवा तर केशवपन करीतच नसत. आणि त्यांस अहिंदु कोणीं म्हटलें नाहीं.

वस्त्राच्या मर्यादेविषयींही प्राचीन वाङ्मय एकमुखी नाहीं. ऋग्वेदाच्या विवाहसूक्तांत जमलेल्या सर्वांस वधूकडे येऊन पाहण्याचें आवाहन आहे. आठव्या मंडलांत मात्र स्त्रीनें दृष्टि खालीं ठेवावी, पाय जवळ घ्यावे, अंग दिसूं देऊं नये, असा उपदेश आढळतो. रामायणाच्या युद्धकांडांत सीता सर्वांसमक्ष येते तेव्हां राम म्हणतो कीं, घर, वस्त्र किंवा भिंत हें स्त्रीचें आवरण नसून तिचें शील हेंच तिचें आवरण होय. त्याच सीतेस लगेच पुढें कोणत्या प्रसंगास सामोरें जावें लागलें, हें वाचक जाणतातच. शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत शकुंतला अवगुंठन घेऊन दरबारीं येते आणि ओळख पटावी म्हणून गौतमी तें दूर करिते. मृच्छकटिकाच्या अखेरीस वसंतसेना गणिकेची कुलवधू होते, तेव्हां तिच्या मस्तकावर अवगुंठन घातलें जातें. मिताक्षरेनें उद्धृत केलेल्या शंखाच्या वचनांत उत्तरीयावांचून बाहेर पडूं नये, वस्त्र घोट्यापर्यंत असावें, असे नियम आहेत.

यावरून एवढें स्पष्ट होतें कीं, तेंच आवरण एके ठिकाणीं शिष्टाचार, दुसऱ्या ठिकाणीं प्रतिष्ठेचें चिन्ह, तर तिसऱ्या ठिकाणीं निव्वळ अनावश्यक ठरतें. शास्त्र एकच आज्ञा करितें असें म्हणणाऱ्यानें एकच पत्र वाचलेलें असतें.

(२) रंगाचा प्रश्न

महाराष्ट्रांतील ब्राह्मण विधवेचें वस्त्र म्हणजे अलवण, तें तांबडें. माझ्या बालपणीं आमच्या घरीं एक वृद्ध आतेआजी होत्या. मस्तक मुंडित, त्यावरून तांबड्या अलवणाचा पदर कानांमागें घट्ट ओढलेला, कपाळ मोकळें, अंगांत चोळी नाहीं. अलवण तांबडेंच कां, असें मीं एकदां विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "बाळा, आम्हांला रंग विचारून कोणी दिला होय?"

पुढें संस्कृताचें अध्ययन झाल्यावर मीं त्या प्रश्नाचें उत्तर ग्रंथांत शोधूं लागलों. वृद्धहारीतस्मृतींत विधवेनें तांबूल, गंध, पुष्पें, अलंकार व रंगविलेलीं वस्त्रें वर्ज्य करून शुभ्र वस्त्र परिधान करावें असें सांगितलें आहे. म्हणजे ज्या ग्रंथांच्या नांवानें अलवण नेसविलें जाई, त्यांतील एका स्पष्ट वचनानुसार तांबडें वस्त्र निषिद्ध ठरतें! अहिल्याबाई होळकरांचे पति खंडेराव १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पडले. त्यानंतरच्या अहिल्याबाई आपल्यास शुभ्र वस्त्रांतच परिचित आहेत. शास्त्राशीं त्यांचें वस्त्र अधिक जुळतें. परंतु ब्राह्मण घरांतील कोणाही विधवेस हा पाठभेद दाखवून निवडीची मुभा दिल्याचें ऐकिवांत नाहीं. वस्त्र रूढीनें ठरविलें व वचन मागाहून शोधलें.

(३) रूढि कशी चाले

या रूढीचें बळ शाप किंवा नरकभय यांपेक्षां स्वयंपाकघरांत अधिक होतें. केशवपन केलेली विधवा ती 'सोवळी', न केलेली ती 'सकेशा'. सकेशेच्या हातचें पाणी देवास चालत नसे, नैवेद्य चालत नसे. श्राद्धाच्या स्वयंपाकास तिनें हात लावावयाचा नाहीं. ज्या स्त्रीस स्वतःचें घर नाहीं, वेतन नाहीं, आणि दिराच्या किंवा भावाच्या घरीं चुलीपुढें राबणें हाच जिचा आश्रय, तिला चुलीवरून उठविणें म्हणजे घराबाहेर काढण्यासारखेंच होतें. अशा स्थितींत तिनें स्वखुशीनें मुंडन केलें हें वाक्य किती अर्थाचें समजावें, हें सुज्ञांनीं ठरवावें.

त्याच काळीं याच मुलखांत, हाकेच्या अंतरावर, दुसरी रीत नांदत होती. गोंड, कुणबी इत्यादि समाजांत विधवेचा पाट लागे. गोंडांत तर धाकट्या दिराशीं लग्न लावण्याची पद्धति होती, असें रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालच्या आपल्या मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथांत नमूद केलें आहे. सालेकसा तालुक्यांतील कचारगडच्या गुहेंत माघी पौर्णिमेस जमणाऱ्या गोंड यात्रेंत स्त्रियांचे गोंदलेले हातपाय आजही दिसतात. लुगडें व दागिने येथेंच राहतात, गोंदण मात्र मेल्यावरही बरोबर येतें, असा त्यांचा समज. वाड्यांतील सोवळ्या बाईनें खिडकींतून पाटाची वरात पाहिली असेल, तेव्हां तिच्या मनांत काय आलें असेल? त्याची नोंद कोणत्याही बखरींत नाहीं.

न्हाव्याच्या हाताशिवाय ही रूढि चालणें शक्य नव्हतें; आणि तो हात एकदां आंवरलाही गेला. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांची सभा भरून विधवांचें मुंडन न करण्याचा निश्चय झाला. शास्त्रार्थाच्या शंभर सभांस जें साधलें नाहीं, त्याची वाट वस्तरा धरणाऱ्यांनीं दाखविली.

(४) स्त्रियांनीं काय ठरविलें

पेशवाईच्या अभ्यासकांस सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांचें उदाहरण परिचित आहे. १७६१ सालीं पानिपतावर भाऊ पडले. पार्वतीबाईंनीं तें मानलें नाहीं. तोतयाचें प्रकरण उद्भवलें, १७७६ सालीं त्याचा शेवट झाला. तरीही त्यांनीं सौभाग्यचिन्हें टाकलीं नाहींत. १७८३ सालीं त्या वारल्या, तेव्हां भाऊंची उत्तरक्रिया त्यांच्याबरोबरच करण्यांत आली. बावीस वर्षें साऱ्या पुण्यानें एका स्त्रीचा निर्णय मान्य केला. त्या पेशव्यांच्या घरच्या होत्या, म्हणून हें निभलें, हें खरें. पण रूढि वांकूं शकते हेंही त्यावरून सिद्ध होतें.

पुढील शतकांत डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस निघाल्या. हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें त्यांनीं श्रीरामपूर येथील सभेंत सांगितलें होतें. त्यांनीं लुगडें टाकलें नाहीं. परंतु तेथील थंडींत नऊवारीनें पाय उघडे राहतात हें पाहून गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्या साडींतच पदवीधर झाल्या. धर्म त्यांनीं राखला व नेसण सोयीनें बदललें. दोन्ही गोष्टी एकत्र नांदूं शकतात हें त्यांस कोणा शास्त्र्यास विचारावें लागलें नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं धर्म बदलला, पण लुगडें बदललें नाहीं. १८८९ च्या मुंबईच्या सामाजिक परिषदेंत विधवांच्या विद्रूपीकरणाविरुद्ध त्या बोलल्या, आणि त्याच वर्षीं ११ मार्च रोजीं शारदासदन उघडून आपल्या बोलण्यास त्यांनीं घर दिलें.

सर्वांत बोधप्रद उदाहरण पार्वतीबाई आठवले यांचें. अण्णासाहेब कर्वे यांच्या हिंगणे येथील संस्थेसाठीं वर्गणी जमविण्यास त्या गांवोगांव हिंडल्या, त्या बराच काळ मुंडित मस्तकानें व विधवावेषांतच. पुढें १९१२ सालीं त्यांनीं पूर्ण विचारानें केशवपन बंद केलें. १९२८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'माझी कहाणी' या आत्मचरित्रांत त्यांनीं हा निर्णय स्वतः मांडला आहे. त्यांचा वेष आधींही त्यांचा होता व नंतरही त्यांचाच होता. फरक एवढाच कीं, दुसऱ्या वेळीं त्यांनीं तो निवडला.

येथें सुधारकांविषयींही एक शब्द लिहिणें प्राप्त आहे. आगरकरांनीं 'सुधारक' पत्रांत स्त्रियांनीं जाकिटें घालावीं असा निबंध लिहिला. त्यांचा हेतु शुद्ध व युक्तिवाद बिनतोड होता, आणि त्याबद्दल त्यांनीं शिव्याशापही सोसले. तथापि सनातनी म्हणे अलवण नेस, सुधारक म्हणे जाकीट घाल. सांगणारे दोन्ही पक्षीं बहुधा पुरुषच. पार्वतीबाईंचें पुस्तक त्यामुळेंच मोलाचें ठरतें.

(५) उलट बाजू

अंग झांकण्याचीच सक्ति असते असें नाहीं. त्रावणकोरांत नाडार स्त्रियांस छाती झांकण्याचा अधिकार मिळविण्यासाठीं दीर्घ झगडा करावा लागला. १८५९ च्या राजघोषणेनें तो मान्य झाला. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत माडिया गोंडांमध्यें लग्नानंतर चोळी घालूं नये अशी जुनी रीत होती. शाळा शिकलेल्या मुलींनीं ती मोडण्यास आरंभ केला. इराणांत १९३६ सालीं राजाज्ञेनें स्त्रियांचा पडदा उतरविला गेला, आणि १९७९ च्या क्रांतीनंतर कायद्यानें तो पुन्हां चढविला गेला. उतरविणारा व चढविणारा यांची भाषा भिन्न, पण रीति एकच.

आपल्या देशांतही हा प्रश्न मिटलेला नाहीं. हिजाबाच्या वादांत कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें १५ मार्च २०२२ रोजीं तें वस्त्र धर्माचा अत्यावश्यक भाग नाहीं असा निर्णय दिला. १३ ऑक्टोबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि त्यांपैकीं एकानें ही मुख्यतः मुलीच्या निवडीची बाब मानली. मुंबईंत चेंबूरच्या एका महाविद्यालयांतील मनाई २०२४ सालीं उच्च न्यायालयानें कायम केली, पण त्याच वर्षीं ९ ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तिला अंशतः तात्पुरती स्थगिति दिली. धर्मग्रंथांत काय आहे हा प्रश्न विद्वानांस मोहविणारा आहे, हें मी अनुभवानें जाणतों. परंतु वरील विवेचनानंतर असें वाटतें कीं, ग्रंथ काय म्हणतो याच्या आधीं ती काय म्हणते हें विचारावें. जी पदर घेऊं इच्छिते तिचा पदर ओढणें आणि जी टाकूं इच्छिते तिच्यावर तो लादणें, हे एकाच अपराधाचे दोन प्रकार आहेत.

उपसंहार

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. जुनें दप्तर हातीं आल्यावर आपण प्रथम पोथी उचलतों, मग सनद, मग पत्रें. बायकांच्या वह्या, पाककृतींचीं टिपणें, ओव्यांचे कागद हे गांठोड्याबरोबर परत जातात. विधवेनें काय नेसावें याचीं वचनें आपणांस शेंकडों पोथ्यांतून मिळतील; पण तिनें काय नेसलें, तें कोणत्या दिवशीं टाकलें, आणि त्या दिवशीं घरांत काय झालें, याचा पुरावा असल्या एखाद्याच वहींत असतो. ती वही प्रथम उचलावी. निदान तिथि तरी उतरून घ्यावी.

त्या वाड्यांतील स्त्रीनें पांढरें वस्त्र नेसतांना वृद्धहारीत वाचला नसणार. तरी तिनें घेतलेला निर्णय समासांतील तांबड्या खुणेपेक्षां शास्त्रास अधिक धरून होता. आणि तो तसा नसता, तरीही तो तिचाच होता. पोथी आज माझ्या संग्रहीं आहे, वही नाहीं. इत्यलम्.