प्राचीन ग्रीक कादंबऱ्यांमधील न्यायाची संकल्पना

प्राचीन ग्रीक कादंबऱ्यांमधील न्यायाची संकल्पना हा ग्रीक गद्यसाहित्याच्या अभ्यासातील एक महत्त्वाचा विषय आहे. इसवी सनाच्या पहिल्या ते चौथ्या शतकांच्या दरम्यान ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या पाच प्रेमकथात्मक कादंबऱ्या आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहेत. प्रेमी युगुलाची ताटातूट, त्यांच्यावरील संकटे आणि अखेरचे मीलन हा त्यांचा मुख्य विषय असला, तरी खटले, आरोप, कबुलीजबाब, शिक्षा आणि निकाल यांना या कथानकांत मोठे स्थान आहे. मानवी न्यायसभा सत्यापर्यंत क्वचितच पोहोचते. तरीही सत्य लोकांसमोर सिद्ध झाल्याखेरीज कथा पूर्ण होत नाही, असे या कादंबऱ्यांत वारंवार दिसते.

पार्श्वभूमी

या पाच कादंबऱ्या पुढीलप्रमाणे आहेत : कॅरिटनची ‘कॅलिरोई’, इफेससच्या झेनोफनची ‘एफेसियाका’, ॲकिलीस टेशियसची ‘ल्युकिपी आणि क्लायटोफन’, लाँगसची ‘डॅफ्निस आणि क्लोई’ आणि हीलिओडोरसची ‘इथिओपिका’. त्यांच्या लेखनकाळाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र ‘कॅलिरोई’ सर्वसाधारणपणे पहिल्या शतकाच्या सुमाराची आणि ‘इथिओपिका’ तिसऱ्या किंवा चौथ्या शतकातील मानली जाते. प्राचीन ग्रीक भाषेत या साहित्यप्रकाराला स्वतंत्र व सर्वमान्य नाव नव्हते. ‘कादंबरी’ ही संज्ञा त्याला आधुनिक काळात लावली गेली.

या काळात ग्रीक भाषिक प्रदेश रोमन साम्राज्याच्या अधीन होता. सुशिक्षित तरुणांच्या शिक्षणात वक्तृत्वशास्त्राला प्रमुख स्थान होते. काल्पनिक खटल्यांत फिर्यादीची किंवा बचावाची भाषणे रचणे हा त्या शिक्षणाचा नेहमीचा भाग असे. त्यामुळे न्यायसभेतील युक्तिवाद वाचकांच्या चांगल्या परिचयाचे होते. कॅरिटन तर आपल्या कादंबरीच्या आरंभीच आपण ॲफ्रोडिसियस नगरातील अथेनागोरस या वक्त्याचे लेखनिक असल्याचे सांगतो.

ग्रीक भाषेत ‘डिकी’ या शब्दाने न्याय, खटला आणि शिक्षा असे तिन्ही अर्थ व्यक्त होतात. न्यायदेवतेचे नावही तेच आहे. कादंबऱ्यांत या देवतेच्या जोडीला ‘टायकी’ म्हणजे दैव किंवा यदृच्छा ही शक्ती सतत कार्यरत असते. टायकी निरपराध व्यक्तींना संकटात लोटते आणि पुष्कळदा तीच अपराध्याला उघडे पाडते.

प्रमुख खटले

‘कॅलिरोई’च्या पहिल्याच भागात सिरॅक्यूज नगरात खटला चालतो. मत्सरी प्रतिस्पर्ध्यांच्या कारस्थानाला बळी पडून खायरिआस आपल्या पत्नीला, कॅलिरोईला, लाथ मारतो आणि ती मृतवत होते. न्यायसभेत तो स्वतःचा बचाव करीत नाही. उलट स्वतःवरच आरोप करून मरणाची शिक्षा मागतो. कॅलिरोईचा पिता, सेनापती हर्मोक्रेटिस, त्याची बाजू घेतो आणि तो निर्दोष सुटतो. पुढे थेरॉन हा चाचा थडगे फोडून जिवंत कॅलिरोईला मिलेटसला नेतो आणि विक्रीची रीतसर नोंद होण्यापूर्वीच किंमत घेऊन निघून जातो. तो सिरॅक्यूजकरांच्या हाती लागल्यावर खोटी ओळख सांगतो. परंतु जमावातील एक कोळी त्याला ओळखतो. छळानंतर तो अपराध कबूल करतो आणि कॅलिरोईच्या थडग्यासमोर त्याला क्रूसावर चढवले जाते.

याच कादंबरीतील सर्वांत भव्य खटला बॅबिलोनमध्ये पर्शियाचा सम्राट आर्टाझर्क्सिस याच्यापुढे चालतो. कॅलिरोईचा दुसरा पती डायोनिशियस कॅरियाचा क्षत्रप मिथ्रिडेटिस याच्यावर आरोप करतो, की मृत खायरिआसच्या नावाने बनावट पत्र लिहून त्याने आपल्या पत्नीवर डोळा ठेवला. मिथ्रिडेटिस भर न्यायसभेत खायरिआसला जिवंत उभे करतो आणि तो आरोप कोसळतो. मग कॅलिरोईचा खरा पती कोण, असा नवा प्रश्न उभा राहतो. सम्राट स्वतःच तिच्यावर आसक्त झाल्यामुळे निकाल लांबणीवर टाकतो. तेवढ्यात इजिप्तमध्ये बंड होते. युद्धातील पराक्रमाचे बक्षीस म्हणून सम्राट अखेर कॅलिरोई डायोनिशियसला बहाल करतो. पण तोपर्यंत ती खायरिआसला परत मिळालेली असते. अशा रीतीने साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाचा निकाल पुराव्यावर आधारलेला नसतो आणि अमलातही येत नाही.

‘ल्युकिपी आणि क्लायटोफन’च्या शेवटच्या दोन भागांत इफेसस येथील खटल्याचे वर्णन आहे. ल्युकिपीचा खून झाल्याची खोटी बातमी ऐकून क्लायटोफन जगण्याची इच्छा गमावतो आणि न केलेल्या खुनाची कबुली देतो. त्याला मृत्युदंड ठोठावला जातो. परंतु आर्टेमिस देवीच्या यात्रेचे पथक आल्यामुळे शिक्षेची अंमलबजावणी थांबते. त्या पथकाचा प्रमुख ल्युकिपीचाच पिता असतो. याच वेळी जिवंत ल्युकिपी देवीच्या मंदिरात आश्रय घेते आणि खुनाचा आरोप निराधार ठरतो.

‘डॅफ्निस आणि क्लोई’मध्ये न्यायसभा ग्रामीण आहे. मेथिम्ना नगरातील धनिक तरुणांची नाव ज्या हिरव्या वेलीने बांधलेली असते ती वेल डॅफ्निसची एक शेळी खाते आणि नाव वाहून जाते. ते तरुण डॅफ्निसला मारहाण करतात. गावकरी वृद्ध गुराखी फिलेटस याला न्यायाधीश नेमतात. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून, दोष वाऱ्याचा व समुद्राचा आहे, डॅफ्निसचा नाही, असा निर्णय तो देतो. निर्णय योग्य असूनही श्रीमंत पक्ष तो मानत नाही. या क्षुल्लक भांडणातून पुढे दोन नगरांत युद्ध पेटते आणि क्लोईचे अपहरण होते.

‘इथिओपिका’त अथेन्सच्या क्नेमॉनची उपकथा आहे. सावत्र आईच्या कपटामुळे पित्याच्या हत्येचा प्रयत्न केल्याचा आरोप त्याच्यावर येतो. सुमारे 1700 नागरिक मृत्युदंडाच्या बाजूने मत देतात. मात्र दगडांनी ठेचून मारावे की दरीत ढकलून द्यावे यावर त्यांच्यात फूट पडते. त्यामुळे हद्दपारीच्या बाजूची सुमारे 1000 मते प्रभावी ठरतात. निरपराध व्यक्तीचा जीव अशा प्रकारे मतविभागणीमुळे वाचतो.

खोटी कबुली

निर्दोष व्यक्तीने स्वतःहून अपराध कबूल करणे हा या कादंबऱ्यांतील लक्षणीय प्रसंगप्रकार आहे. क्लायटोफनप्रमाणेच ‘इथिओपिका’ची नायिका कॅरिक्लिआ हीदेखील मेम्फिस येथे विषप्रयोगाचा खोटा आरोप मान्य करते, कारण तिला मरण हवे असते. प्रत्यक्षात तिच्यासाठीच तयार केलेले विष सिबेली ही सेविका चुकून प्यायलेली असते. आरोपीची कबुली हा निर्विवाद पुरावा आहे या समजुतीवर अशा प्रसंगांतून प्रश्नचिन्ह उभे राहते. कबुलीजबाब नियमानुसार नोंदला जातो, निकालही त्याला धरूनच दिला जातो. तरीही तो निकाल असत्य असतो.

दैवी न्याय आणि परीक्षा

मानवी निकाल चुकतो तेथे देवतांचा हस्तक्षेप होतो. ‘एफेसियाका’मध्ये खुनाच्या खोट्या आरोपावरून हॅब्रोकोमिस याला नाईल नदीच्या काठी क्रूसावर बांधले जाते. त्याच्या प्रार्थनेनंतर वारा त्याला क्रूसासह नदीत लोटतो. त्याला पकडून चितेवर चढवले असता नदीचे पाणी उसळून आग विझवते. त्यानंतरच इजिप्तचा प्रशासक त्याची खरी हकिकत जाणून घेतो आणि खुनी स्त्रीला शिक्षा देतो. कॅरिक्लिआलाही ज्वाळा स्पर्श करीत नाहीत. तिच्याजवळील ‘पँटार्बी’ नावाच्या रत्नामुळे तिचे रक्षण होते.

तथापि दैवी परीक्षाही नेहमी निःसंदिग्ध नसते. इफेससच्या खटल्यात मेलिटी या स्त्रीला स्टिक्सच्या पाण्यात उभे राहून शपथ घ्यावी लागते. पती थर्सँडर परदेशी असताना क्लायटोफनशी आपला संबंध आला नाही, असे ती म्हणते. हे शब्दशः खरे असते, कारण तो संबंध पती परतल्यानंतर आलेला असतो. पाणी वर चढत नाही आणि ती निर्दोष ठरते. शपथेतील शब्द आणि वस्तुस्थिती यांमधील हे अंतर ॲकिलीस टेशियसच्या उपरोधाचे उत्तम उदाहरण मानता येते.

‘इथिओपिका’च्या अखेरच्या भागात मानवी आणि दैवी न्यायाचा मेळ साधलेला दिसतो. मेरोई येथे बळी देण्यासाठी आणलेली कॅरिक्लिआ प्रत्यक्ष राजा हायडॅस्पिस याच्याविरुद्ध न्याय मागते आणि सिसिमिथ्रिस या तत्त्वज्ञाला न्यायाधीश मानते. सिसिमिथ्रिस ‘जिम्नोसोफिस्ट’ म्हणजे नग्न तत्त्वज्ञांपैकी आहे. ग्रीक परंपरेत ही संज्ञा प्रामुख्याने भारतीय विरक्तांसाठी वापरली जात असे, हीलिओडोरसने मात्र ती इथिओपियातील ज्ञानी पुरुषांसाठी योजली आहे. जन्मवेळी सोबत ठेवलेला लेखांकित पट्टा, ॲन्ड्रोमिडाचे चित्र आणि दंडावरील काळी जन्मखूण या पुराव्यांवरून कॅरिक्लिआ राजकन्या असल्याचे सिद्ध होते. पुढे नरबळीची प्रथाच बंद केली जाते. येथे एका व्यक्तीची सुटका होऊन प्रकरण संपत नाही. अन्याय्य कायदाही बदलतो.

न्यायाच्या मर्यादा

या कादंबऱ्यांतील न्याय सर्वांसाठी समान नाही. गुलामांची साक्ष छळ करून घेण्याची प्रथा त्यांत गृहीत धरलेली आहे. नायक-नायिका दास्यात पडतात तेव्हा तो अन्याय ठरतो, कारण त्यांचा जन्म स्वतंत्र व प्रतिष्ठित कुळातील असतो. दास्यसंस्थेवर मात्र आक्षेप घेतला जात नाही. स्त्रियांबाबतही हीच विषमता आढळते. ल्युकिपीला आपले कौमार्य पॅन देवतेच्या गुहेतील परीक्षेने सिद्ध करावे लागते. क्लायटोफनची तशी कोणतीही जाहीर परीक्षा होत नाही. कॅलिरोईला मारलेल्या लाथेबद्दल खायरिआसला न्यायसभेकडून शिक्षा मिळत नाही.

सुखान्तातही सर्वांना न्याय मिळतोच असे नाही. डायोनिशियस कॅलिरोईशी सन्मानाने वागतो, परंतु तिला गमावतो आणि खायरिआसच्या मुलाला आपलाच मुलगा समजून वाढवीत राहतो. उलटपक्षी, ‘एफेसियाका’तील दरोडेखोर हिप्पोथोअस कोणत्याही न्यायसभेपुढे उभा न राहता इफेससमध्ये मित्रांच्या सहवासात सुखाने राहतो.

साहित्यिक महत्त्व

खटल्याच्या प्रसंगामुळे विखुरलेली पात्रे एकत्र येतात, लपलेली हकिकत उघड होते आणि वाचकाला आधीच ठाऊक असलेले सत्य इतरांना कळण्याची उत्कंठा निर्माण होते. न्यायाधीशाला जे दिसत नाही ते वाचकाला दिसत असल्यामुळे निकाल चुकीचा का ठरतो, हेही त्याच्या लक्षात येते : कधी वक्तृत्वाचा प्रभाव, कधी सत्ताधीशाची आसक्ती, तर कधी आरोपीची स्वतःची निराशा. म्हणूनच या कादंबऱ्या प्रेमकथा म्हणून तर महत्त्वाच्या आहेतच. शिवाय पुरावा, साक्ष आणि निकाल यांविषयी प्राचीन समाजात कोणत्या अपेक्षा व शंका होत्या, हे समजून घेण्याचे साधन म्हणूनही त्यांचा अभ्यास केला जातो.