दोन सर्व्हर घेतलेत, पण मधली केबल तुटली तर?

दोन-तीन शाखा झाल्या, सगळं बिलिंग एकाच डेटाबेसवर आलं, की व्हेंडर म्हणतो, "साहेब, दोन सर्व्हर घ्या. एक बंद पडला की दुसरा आपोआप सुरू." ऐकायला झकास. पण त्या 'आपोआप'वर जरा थांबा.

एक सर्व्हर मुख्य, बिलं त्यावर नोंदतात. दुसरा राखीव, तो नक्कल घेत राहतो. आता समजा मधला स्विच गेला. राखीवला मुख्य दिसेना. तो खरंच बंद पडलाय की फक्त वायर तुटलीय, हे राखीवला कळायला मार्गच नाही. तो आपोआप मुख्य झाला आणि पहिलाही चालूच असला, तर अर्धी बिलं इकडे, अर्धी तिकडे. एकाच नंबरची दोन बिलं! याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. जीएसटी रिटर्नच्या वेळी बसा मग जुळवत.

म्हणून आपोआप हवंच असेल तर मत द्यायला तिसरं मशीन लागतं. तिघांत दोघांचं जमलं तरच बदल. या साक्षीदाराला डेटा ठेवायचा नसतो, साधा पीसी चालतो. फक्त तो त्या दोघांपैकी एकाच्याच आत बसवू नका (पैसे वाचवायला असं करतात लोक).

नक्कल किती ताजी, हेही विचारा. पोस्टग्रेस सेटिंग न बदलता वापरलं तर मुख्य सर्व्हर राखीवसाठी थांबत नाही. अचानक बंद पडला तर शेवटची काही बिलं जाऊ शकतात. थांबायला लावलं, तर राखीव बंद पडताच बिलिंगही अडकतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहबचं अंतर्गत नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं. बहुमताने आपोआप बदल झाला, तरी दोन्हीकडे वेगळ्या नोंदी राहिल्या. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

पंधरा मिनिटं हाताने बिलं फाडून भागत असेल, तर माझं मत सरळ आहे: बदल माणसाने करावा. आधी जुन्या मुख्य सर्व्हरची पॉवर काढा, मगच राखीवला मुख्य करा. क्रम उलटा नको. रात्रंदिवस ऑनलाइन ऑर्डर घेत असाल, तर तिसऱ्या मशीनचा खर्च करा.

आणि रोजचा बॅकअप वेगळा लागतोच. कुणी चुकून आयटम लिस्ट उडवली, तर ती राखीववरूनही उडते.

पूर्ण पेमेंट करण्याआधी, दुकान बंद झाल्यावर व्हेंडरला मधली केबल काढायला सांगा. सर्व्हर बंद करायचा नाही, फक्त केबल काढायची. मग दोन्हीकडे बिल बनतंय का ते बघा.