दोघांनी मिळून आणलेली बातमी

१९९५ च्या सुमारास बुरुंडीतलं बुजुंबुरा शहर वस्त्यावस्त्यांत चिरलं गेलं होतं. कामेंगे वस्तीत हुतू जमातीची माणसं, मुसागात तुत्सी जमातीची. चुकीच्या वस्तीत पाऊल पडलं तर माणूस घरी परतेल याची शाश्वती नव्हती. ऑक्टोबर १९९३ मध्ये, निवडून आलेले पहिले हुतू राष्ट्राध्यक्ष मेल्शियोर न्दादाये यांची तुत्सींच्या हाती असलेल्या लष्करातल्या लोकांनी हत्या केली. त्यानंतर दोन्हीकडच्या कत्तली झाल्या आणि देशात यादवी पेटली. अशा शहरात हुतू बातमीदाराला मुसागात जाता येईना, तुत्सी बातमीदाराला कामेंगेत. जो तो आपल्या बाजूचे मृतदेह मोजायचा.

१९९५ मध्येच ‘सर्च फॉर कॉमन ग्राउंड’ या संस्थेने तिथे स्टुडिओ इजांबो सुरू केला. इजांबो म्हणजे किरुंदी भाषेत शब्द. संस्थेच्या मनात होता शहाणपणाचा शब्द. शेजारच्या रवांडात आदल्याच वर्षी आरटीएलएम रेडिओने तुत्सींना झुरळं म्हणत लोकांना खुनासाठी चिथावलं होतं. रेडिओ काय करू शकतो, हे बुरुंडीत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

इजांबोने जी रीत पाडली ती मला सगळ्यात मोलाची वाटते. बातमीला जोडीने जायचं, एक हुतू आणि एक तुत्सी. समजा, एखाद्या टेकडीवर हल्ला झालाय. गावकरी म्हणतात वीस माणसं गेली. लष्कर म्हणतं पाच, तेही बंडखोर. एकट्या बातमीदाराच्या कानावर त्याच्या माणसांचा आकडा आधी पडतो, आणि तो त्याला खराही वाटतो. जोडीतल्या एकापाशी हुतू म्हातारी मन मोकळं करते, दुसऱ्याशी नाक्यावरचा तुत्सी सैनिक चार शब्द बोलतो. मग एका टेबलाशी बसून दोघं दोन्ही फिती ऐकतात. एकाला ज्या वाक्यात काहीच खटकत नाही, तिथेच दुसरा फीत थांबवतो. वीस आणि पाचमधून बारा काढायचे, असा हा हिशेब नव्हे. माणसं वीस गेली असतील तर वीसच सांगायची, पण ते सांगताना दोघांचीही मान वर राहिली पाहिजे. हुतू आणि तुत्सी एकच किरुंदी बोलतात, म्हणून दुभाष्याची गरज नव्हती. अडचण भाषेची नव्हतीच.

इजांबोचं स्वतःचं प्रसारण केंद्र नव्हतं. कार्यक्रम इथे तयार व्हायचे आणि दुसऱ्या रेडिओंवर, सरकारी रेडिओवरही, लागायचे. त्यातली मारी-लुईझ सिबाझुरी यांनी लिहिलेली श्राव्यमालिका घराघरात पोचली. ‘उमुबान्यी निवे मुर्यांगो’ हे तिचं नाव. अर्थ, शेजारी हेच कुटुंब. शेजारी राहणाऱ्या एका हुतू आणि एका तुत्सी घराची ही गोष्ट शेकडो भाग चालली. आपल्याकडे ज्याला शेजारधर्म म्हणतात, तोच तिचा विषय. दुसऱ्या एका कार्यक्रमात, जीव धोक्यात घालून दुसऱ्या जमातीच्या माणसांना वाचवणाऱ्यांच्या खऱ्या हकिकती असत. मारणाऱ्यांची नावं सगळ्यांच्या तोंडी होती. लपवणाऱ्यांची कुणी घेत नव्हतं.

मालिका गोड वाटते, तिच्याबद्दल बोलणंही सोपं जातं. पण माझं मत विचाराल तर खरा पाया त्या जोडीच्या बातमीचा. काल खरी बातमी दिलेल्या रेडिओचीच गोष्ट आज ऐकावीशी वाटते. नुसती गोष्ट ऐकवली असती, तर लोकांनी तिला उपदेश म्हणून बंद केलं असतं.

इजांबोच्या पत्रकारांनी २००२ मध्ये स्वतःचं केंद्र काढलं, रेडिओ इसांगानिरो. इसांगानिरो म्हणजे भेटीची जागा. मे २०१५ मध्ये बंडाचा प्रयत्न फसला तेव्हा बुजुंबुरातल्या खासगी रेडिओंवर हल्ले झाले, त्यात इसांगानिरोही सापडलं आणि बंद पडलं. अनेक पत्रकारांनी देश सोडला. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, इसांगानिरोचा आवाज पुन्हा ऐकू आला.