वारस नसलेल्या मोटारी

पॉन्टिॲक, ओल्ड्समोबिल, प्लिमथ, मर्क्युरी आणि अमेरिकन मोटर्स. या पाचांपैकी एकाही नावाची नवी मोटार आज कारखान्यातून बाहेर पडत नाही. अमेरिकन मोटर्स १९८७ साली क्रायस्लरच्या पोटात गेली. प्लिमथ २००१ मध्ये बंद झाली, ओल्ड्समोबिल २००४ मध्ये, पॉन्टिॲक २०१० मध्ये आणि मर्क्युरी २०११च्या आरंभी. १९६४ ते १९७४ या दहा वर्षांत अमेरिकेत ज्या दांडग्या गाड्या झाल्या, ज्यांना ‘मसल कार’ हे नाव पडले, त्यांच्या गोष्टीतली बरीचशी मुख्य पात्रे या पाच घराण्यांतली आहेत.

गेली काही वर्षे मी या गाड्यांची प्लास्टिकची किट जोडतो आहे. खोक्यात शंभराच्या आसपास सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे, की साधारण वीतभर लांबीची गाडी टेबलावर उभी राहते. बाजारात कोणती किट पुन्हा पुन्हा येतात हे पाहिले, तर मस्टँग, कमॅरो, चार्जर, चॅलेंजर हीच नावे सतत समोर येतात. याला कारण आहे. मस्टँगचे उत्पादन कधी थांबलेच नाही आणि उरलेली तिन्ही नावे एकविसाव्या शतकात कंपन्यांनी पुन्हा जिवंत केली. नवी गाडी विकायची तर आजोबांची कीर्ती गावी लागते, त्यामुळे आजोबांच्या प्रतिकृतीही खपतात. ज्यांना वारस उरला नाही, त्यांचे कोण गाणार? नवे साचे करायचेच असतील तर ते आधी या बेवारस गाड्यांसाठी करावेत, असे माझे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात: मसल कार म्हणजे काय, आणि किटचा साचा कसा जगतो व कसा मरतो.

मसल कारची व्याख्या सोपी आहे. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची, दोन दारांची घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे. या प्रकाराची सुरुवात बहुतेक अभ्यासक १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सचा तेव्हा अंतर्गत नियम होता की मध्यम गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ क्युबिक इंचांचे इंजिन टेंपेस्ट गाडीत बसवून पाहिले. नियमातली फट त्यांनी अशी शोधली, की हे नवे मॉडेल आहेच कुठे? जुन्या मॉडेलवर जादा पैसे भरून घ्यायची ती एक सोय आहे. ३८९ क्युबिक इंच म्हणजे सुमारे ६४०० सीसी. आपल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे होते, म्हणजे जवळजवळ सहापट. पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या आणि नियम मोडणाऱ्यांना कोणी काही बोलले नाही.

पुढची दहा वर्षे सगळ्यांनी हीच वाट धरली. मग विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते वाढवले. १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून इंजिनांचा दाब उतरवला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि खेळ संपला.

आता साच्याकडे. अमेरिकेतली प्लास्टिक मोटार-किट जन्मली ती विक्रेत्याच्या काउंटरवर. नवी गाडी बाजारात येताना तिची हुबेहूब लहान प्रतिकृती कारखान्याच्याच रंगात विक्रेत्यांकडे येत असे. एएमटी, जो-हॅन आणि नंतर एमपीसी या मिशिगन राज्यातल्या कंपन्या मोटार कंपन्यांच्या आराखड्यांवरून या प्रतिकृती बनवत. प्रमाण बहुधा १/२५. १९५८ पासून एएमटीने त्याच साच्यातून सुट्या भागांची किट विकायला सुरुवात केली. एका खोक्यातून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची अशा तीनपैकी कोणतीही गाडी जोडता येई.

गंमत आणि दुर्दैव पुढे आहे. गाडीचे रूप दरवर्षी बदले. पोलादी साचा फार महाग. म्हणून गेल्या वर्षीचाच साचा कोरून, भरून त्यात नव्या वर्षाची गाडी केली जाई. जुन्या छापखान्यात एक फर्मा छापून झाला की खिळे सोडवून त्याच खिळ्यांनी पुढचा फर्मा जुळवत, तसे हे होते. छापखान्यात निदान छापलेले पुस्तक उरते आणि ते पुन्हा जुळवता येते. इथे १९६५ ची गाडी कोरली की १९६४ ची गाडी त्या पोलादातून कायमची गेली. काही साचे शर्यतीच्या गाड्या करण्यासाठी कापले गेले, काही कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत हातोहात फिरले. म्हणून आज कोणत्या गाडीचे किट मिळते आणि कोणत्याचे नाही, यात त्या गाडीच्या महत्त्वापेक्षा योगायोगाचा वाटा मोठा आहे.

जे साचे वाचले तेही आजच्या नजरेला अपुरे वाटतात. त्यांचा मूळ हेतू विक्रेत्याच्या काउंटरवरची शोभा हा होता. गाडीचा तळ एकाच पत्र्यासारखा, धुराची नळी त्यातच कोरलेली. पुढची दोन चाके जोडणारी लोखंडी तार अनेक किटमध्ये इंजिनाच्या पोटातून आरपार जाते. ज्या गाडीची सगळी कथा इंजिनाची, तिच्या इंजिनाला भोक! अलीकडे काही कंपन्या हरवलेले साचे जुन्या किटवरून नव्याने घडवतात. तो उद्योग स्तुत्य आहे, पण जुन्या पोथीची नक्कल करताना पोथीतल्या चुकाही उतरतात.

तेव्हा कोणत्या गाड्या? मी दोन कसोट्या लावतो. ती गाडी वगळली तर गोष्ट तुटते का? आणि तिच्यासाठी केलेला साचा आणखी एखाद्या गाडीच्या कामी येतो का? दुसरी कसोटी व्यवहाराची आहे. डेट्रॉईटने स्वतः तीच लावली होती.

पहिली शिफारस चार भावंडांची. जनरल मोटर्सच्या ‘ए-बॉडी’ या एकाच सांगाड्यावर पॉन्टिॲक जीटीओ, ओल्ड्समोबिल ४-४-२, ब्यूक ग्रॅन स्पोर्ट आणि शेव्हरले शेव्हेल या चारही गाड्या उभ्या होत्या. १९६४ ते १९६७ या काळात चौघींच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ११५ इंच. मात्र प्रत्येक घराचे इंजिन स्वतःचे. ओल्ड्समोबिलने जीटीओला उत्तर म्हणून त्याच १९६४ साली पोलिसांच्या गाडीसाठी तयार केलेली सामग्री घेऊन ४-४-२ काढली. नावाचा मूळ अर्थ चार नळ्यांचा कार्ब्युरेटर, चार गिअर आणि दोन धुराच्या नळ्या. पहिल्या वर्षी ती २,९९९ च गेली. ब्यूकने १९६५ मध्ये ४०१ क्युबिक इंचांचे इंजिन घातले. तोवर मर्यादा ४०० झाली होती, म्हणून कागदावर त्याला ४०० म्हटले. एक इंच कारकुनीत जिरवला! या चार गाड्यांची सुटी किट वेळोवेळी निघाली आहेत, पण एकाच मापाच्या, एकाच दर्जाच्या चौघी शेजारीशेजारी ठेवता येतील असा संच नाही. सांगाड्याचा साचा एक, इंजिने चार, अंगे चार. शेजारी ठेवल्या की एका कंपनीच्या चार विभागांतली भाऊबंदकी एका नजरेत कळेल. हजार शब्दांच्या लेखाला ते जमत नाही.

याच घराण्यातली १९७० ची ब्यूक जीएस ‘स्टेज वन’ मी पुरवणीत घेईन. ब्यूक हे नाव आजही चालू आहे, पण त्या घराला हे पोर आठवत नाही. ४५५ क्युबिक इंच, ५१० फूट-पौंड टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ. डॉक्टर-वकिलांची समजली जाणारी ही सभ्य गाडी. तिचे वर्षानुवर्षे दिसत राहिलेले किट मोनोग्रामचे आहे, पण ते भडक पट्ट्यांच्या जीएसएक्सचे आणि १/२४ प्रमाणात. १/२४ म्हणजे एक फुटाला अर्धा इंच. हे मोजायला सोपे, पण १/२५ च्या रांगेत ती गाडी डोक्याने उंच दिसते आणि तुलना बिघडते.

दुसरी शिफारस प्लिमथ रोड रनरची, १९६८ ची. प्लिमथ हे नाव मुंबईला अगदीच परके नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ गाड्या परदेशातून आलेल्या सुट्या भागांतून जोडल्या जात. एका अर्थी ती पूर्ण मापाची किटच. रोड रनर ही त्या घरातली गरिबाची गाडी होती. किंमत २,८९६ डॉलर, आत सलग बाक, साधे खांबवाले दार, नको ती चैन काढून टाकलेली. कार्टूनमधल्या पक्ष्याचे नाव वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर दिले आणि भोंगा ‘बीप बीप’ वाजेल असा करून घेतला. पहिल्या वर्षी सुमारे ४५,००० गाड्या खपल्या. त्यातल्या हजारभरच ‘हेमी’ या महागड्या इंजिनाच्या. बाकीच्या ३८३ क्युबिक इंचांच्या. किटवाल्यांचे प्रेम मात्र हेमीवर आणि उंच पंखाच्या गाड्यांवर. चार्जर डेटोना मोजून ५०३ बनल्या, तरी तिच्या प्रतिकृतींना तोटा नाही. दिवाळीत अंगणात मुले किल्ले करतात ते रायगड-प्रतापगडाचे. पाणी अडवणाऱ्या, दाणागोटा सांभाळणाऱ्या आडबाजूच्या गढीला अंगण मिळत नाही. साध्या चाकांची, ३८३ ची, खांबवाली रोड रनर ही अशी गढी आहे. मसल कार कारखान्यातल्या कामगाराच्या पोराला परवडली, या एका वाक्याचा पुरावा तिच्यात आहे.

तिसरी मर्क्युरी सायक्लोन, १९६८ ची उतरत्या छपराची. हिच्यावर केल यारबरोने त्या वर्षीची डेटोना ५०० शर्यत जिंकली. फोर्ड टोरिनो ही तिची सख्खी बहीण. एका साच्याच्या खर्चात दोन गाड्या सहज बसतील.

चौथी शिफारस माझ्या सर्वांत जवळची: अमेरिकन मोटर्स. हे नाव अनोळखी वाटेल, पण तिचे गणगोत आपल्या घरात होते. १९५४ साली नॅश-केल्व्हिनेटर आणि हडसन या कंपन्या एकत्र येऊन ती झाली. तोच केल्व्हिनेटर, ज्याच्या नावाचे फ्रिज आपल्याकडे घराघरांत होते. १९७० मध्ये तिने जीप विकत घेतली. तीच जीप, जिच्या जोडणीतून मुंबईत महिंद्रचा मोटार-उद्योग उभा राहिला. तीन बलाढ्य कंपन्यांसमोर ही चौथी कायम पैशाच्या ओढाताणीत. १९६८ मध्ये तिने एएमएक्स ही दोन आसनांची गाडी काढली. नवी गाडी घडवायला पैसा नव्हता, म्हणून जॅव्हलिन या आपल्याच गाडीतून बारा इंच कापून काढले. चाकांतले अंतर १०९ इंचांवरून ९७ वर आले. १/२५ प्रमाणात बारा इंच म्हणजे जेमतेम बारा मिलिमीटर. दोन्ही गाड्या एका साच्यातून काढल्या तर जोडणाऱ्याच्या बोटांना ते बारा मिलिमीटर जाणवतील आणि एका गरीब कंपनीची कल्पकता कुठे होती ते कळेल. छायाचित्रात ते दिसत नाही. तीन वर्षांत १९,१३४ एएमएक्स झाल्या आणि दोन आसनांची ती गाडी थांबली.

तिच्या सोबतीला १९६९ ची एससी/रॅम्बलर. बाजारहाटाला जायची चौकोनी रॅम्बलर, तिच्यात ३९० क्युबिक इंचांचे इंजिन, अंगावर लाल-पांढरा-निळा रंग आणि बॉनेटवर हवेच्या तोंडाकडे बोट दाखवणारा मोठा निळा बाण. किंमत २,९९८ डॉलर. एकूण १,५१२ गाड्या. जो-हॅनने त्या काळी या कंपनीच्या गाड्यांच्या प्रतिकृती मनापासून केल्या, पण त्या काउंटरच्या शोभेच्या जमान्यातल्या आणि ती कंपनीही पुढे आटत गेली.

आक्षेप उघड आहे. किट विकत घेणारे लोक वयस्क होत चालले आहेत, नवा साचा महाग, परवान्याचे पैसे वेगळे, मस्टँग काढली तर पैसे नक्की परत येतात. हे सगळे खरे. म्हणूनच मी एकटी गाडी सुचवलेली नाही. चार भावंडे एका सांगाड्यावर, दोघी बहिणी एका तळावर, जॅव्हलिन आणि एएमएक्स एका साच्यात. रोड रनरचा तळही त्या काळच्या चार्जरला चालेल, म्हणजे खपणारी गाडी न खपणारीचा खर्च उचलेल. शिवाय ज्यांना या गाड्या आठवतात ती माणसे वयस्क होत आहेत, हे उशीर करण्याचे कारण होऊ शकत नाही. दाराची फट किती होती, बाक कोणत्या कापडाचा होता, हे सांगणारी माणसे आहेत तोवरच साचा अचूक होईल.

आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी माहीत नाही त्यांनाही पान वाढतात. किटच्या बाजारात असा दिवस नाही. तिथे ज्याची जाहिरात चालू त्याचेच पान वाढले जाते. चारपैकी एकच शिफारस मान्य होणार असेल, तर मी एएमएक्स मागेन, जॅव्हलिनसकट. मस्टँगचा आणखी एक साचा निघाला नाही तर मस्टँगचे काही बिघडत नाही.