माळ पडीक नव्हे

डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून आलेला एक वाघ येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात आढळला आणि आपल्या जिल्ह्यातही वन्यजीव आहेत, याची धाराशिवकरांस एकाएकी आठवण झाली. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचे. एवढ्यात वाघ मावत नाही. तो शिवारांतून बार्शीकडे हिंडत राहिला, यात नवल नाही. तथापि पाहुण्याच्या कौतुकात घरच्यांचा विसर पडू नये. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल हे येथील माळांचे जुने रहिवासी. त्यांचे घर गवताचे आहे. आणि नेमके त्यालाच आपण 'पडीक' म्हणतो.

ज्याला बाजारभाव नाही त्याचे मूल्य शून्य धरावयाचे, ही हिशेबाची जुनी चूक आहे. वस्तुतः जिल्ह्याचे नाव देशभर नेणारी उस्मानाबादी शेळी याच माळांवर चरली. शेतमजुराच्या घरी अवर्षणात तीच हाताशी येणारी ठेव असते.

या चुकीतून प्रस्तुत लेखकही सुटलेला नाही. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही विद्यार्थ्यांकरवी एका माळावर खड्डे घेऊन रोपे लावली. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक रोपे वाळली, उकरलेली माती पावसाने वाहून गेली आणि तेथे गवतही धरेना. एक वृद्ध मेंढपाळ म्हणाला, "माळ उघडा नव्हता गुरुजी, तुमीच उघडा केला." या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ओढ्याकाठी, बांधावर झाडे अवश्य लावावीत. पण उथळ मुरमाड जमिनीवर माती धरून ठेवण्याचे काम गवतच करते.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा अनुभव बोलका आहे. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेल्या तेथील गवताळ तुकड्यांनी माळढोकास आसरा दिला. पुढे १९७९ साली सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्या रेषेत गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि पक्ष्याविषयी लोकांत कटुता वाढली. २०१२ साली हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान माळढोक मात्र दिसेनासा होत गेला. राखलेला लहान तुकडा उपयोगी पडला; नकाशावरची मोठी रेष पक्ष्यास वाचवू शकली नाही.

म्हणून काम गावाच्या गायरानापासून सुरू व्हावे. पावसाळ्यात त्याचा एक भाग चराईस बंद ठेवावा. बी झडल्यावरच गवत विळ्याने कापून वाटून घ्यावे. पुढच्या वर्षी दुसरा भाग राखावा. उघड्या जागी मारवेलाचे बी टाकावे, वेडी बाभूळ मुळासकट काढावी, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा घ्याव्यात. लांडग्याने शेळी मारली तर शासकीय भरपाई मेंढपाळाच्या हाती वेळेवर पडावी. अन्यथा आपल्या वन्यजीवप्रेमाची किंमत गावातील सर्वांत गरीब माणूस मोजत राहील.

या कामास निधीपेक्षा ग्रामसभेचा ठराव आणि तो पाळण्याची शिस्त अधिक लागेल. आमच्या विद्यार्थ्यांच्या पुढील शिबिरात कुदळी असतीलच; पण पहिला खड्डा घेण्यापूर्वी मेंढपाळास विचारावयाचे, एवढे आम्ही ठरविले आहे.